खळ्यावरचा वाटा

माझा डावा पाय गुडघ्याखाली इटलीतल्या एका ओढ्याकाठी राहिला. त्या पायाबद्दल मला फारसं बोलायचं नाही. लढाईत पाय जातात, आणि माझ्याबरोबरच्या काही जणांचं तर सगळंच गेलं. मला बोलायचं आहे ते पाय गेल्यानंतर माझं जे भलं करण्यात आलं त्याबद्दल. ते भलं करणारी माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असती तर चार शिव्या घालून मी कधीच मोकळा झालो असतो.

पुण्याच्या इस्पितळात लाकडी पाय बसवून मी कोरेगावच्या स्टेशनावर उतरलो, तेव्हा थोरला भाऊ बैलगाडी घेऊन आला होता. वाटेत त्यानं ऊस, विहीर, म्हशीचं वेत, सगळं सांगितलं. माझ्या बायकोचा विषय मात्र काढला नाही. घरी पोचल्यावर कळलं की ती माहेरी आहे. माझ्या पायाची तार आली आणि लगोलग तिचा बाप येऊन तिला घेऊन गेला होता. आमचं लग्न झाल्यावर मी दोनदा रजेवर आलो होतो, तेवढाच काय तो आमचा संसार.

मी सासुरवाडीला गेलो. सांगलीच्या अलीकडं, कृष्णेकाठचं गाव. सासऱ्यांची हळद, ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. माणूस गावात वजनदार. जावई म्हणून त्यांनी माझं सगळं रीतसर केलं. पाय धुवायला गरम पाणी आलं, आणि कुठल्या पायावर ओतावं या विचारानं पाणी आणणारी बाईच गोंधळली. जेवायला मटण होतं. बायको पदर पुढं ओढून वाढत होती, पण तिच्याशी एक शब्द बोलायची सोय नव्हती. जेवण झाल्यावर सासऱ्यांनी सुपारी कातरत शांतपणे सांगितलं.

"जावई, तुमच्यावर आमचा राग न्हाई. पर भावाच्या ताटात जेवणाऱ्याच्या घरी लेक कशी धाडू? आज वैनी वाढंल, उद्या टाकून बोलंल. तुमी पोटापुरतं मिळवाया लागा, म्या सोता आणून घालतो."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बापानं असंच बोलावं. जमीन आमची दोघा भावांची होती खरी, पण एका पायानं मी नांगर धरू शकत नव्हतो, की उसाला पाणी पाजू शकत नव्हतो. पेन्शन होती, ती विड्याकाडीपुरती. मिळवायचं म्हणजे काय करायचं, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर सरकारकडं तयार होतं.

साताऱ्यात माळावर एक लांबलचक पत्र्याची शेड होती. तिथं माझ्यासारख्यांना धंदा शिकवत. आत शिरतानाच कारकून विचारायचा, काय गेलंय? हात म्हणालात की एका बाजूला, पाय म्हणालात की दुसऱ्या बाजूला. पायवाल्यांना सुतारकाम. गाव कुठलं, घरी काय चालतं, परत जाऊन हे काम कुणाचं करणार, हे कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही. फौजेत राहिलेल्या माणसाला बस म्हटलं की बसायची आणि ऊठ म्हटलं की उठायची सवय लागते.

शिकवणारा पुण्याचा, टेबलखुर्च्यांचा उत्तम कारागीर. त्यानं आम्हाला उंच बाकापाशी उभं करून शिकवलं. लाकूड शिकंज्यात धरायचं, रंधा मारायचा, पटाशीनं खोबण पाडायची. दिवसभर उभं राहून लाकडी पायात माझं मांस सोलवटून निघायचं, पण मी हटलो नाही. बायकोला आणायची होती ना. पहिली खुर्ची जमली त्या दिवशी मी तिच्यावर बसलो, उठलो, परत बसलो. गुळगुळीत सागवानी खुर्ची, हात टेकायच्या दांड्यांना मऊ वळण दिलेलं. मला खरोखर आनंद झाला होता. तो आनंद खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

शेवटी एक समारंभ झाला. ती शेड ज्या सरकारी योजनेतली, तिचा साहेब, गोरा नव्हे, आपल्यातलाच, कोट-टोपीवाला, फार सुरेख बोलला. तुम्ही आता कुणाचे मिंधे नाही, म्हणाला. प्रत्येकाला हत्यारांची एकेक पेटी मिळाली. करवत, रंधा, पटाश्या, हातोडी, गुण्या. सगळं नवं, तेल लावलेलं. टाळ्या वाजल्या. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात इंग्रज सरकारचं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करायचे, आणि मी सरकारची पेटी मांडीवर घेऊन मोटारीतून गावी आलो.

आता गंमत बघा. आमच्या गावात खुर्ची कुणाला हवी होती? चावडीत एक होती, शाळेत एक होती. बाकी अख्खा गाव घोंगडीवर नाहीतर जोत्यावर बसायचा. मी दोन खुर्च्या आणि एक स्टूल करून सोप्यात ठेवलं. लोक येऊन बघायचे, हात फिरवायचे, झकास हाय म्हणायचे आणि शेजारी जमिनीवर टेकून तंबाखू मळायचे. वहिनीनं स्टुलावर लोणच्याची बरणी ठेवली. एका खुर्चीवर कोंबडी बसायला लागली.

गावाला जे हवं होतं ते मला शिकवलेलंच नव्हतं. नांगर, कुळव, पाभर, जू, गाडीची साटी. शिकलो असतो तरी काही उपयोग नव्हता, कारण त्याला गावचा सुतार होता. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुताराला कुणी रोजच्या कामाचे पैसे देत नसे. वर्षभर त्यानं प्रत्येक घरची औतं दुरुस्त करायची, आणि सुगीला खळ्यावर रास झाली की प्रत्येक घरानं त्याला ठरलेलं धान्य घालायचं. ते त्याचं बलुतं. त्याच्या बापाचं होतं, आजाचं होतं. त्याला सोडून दुसऱ्याकडून फाळ बसवून घेणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं, आणि ते कुणी करत नसे. एवढी साधी गोष्ट आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. साताऱ्याच्या शेडमधल्या शहाण्यांना नव्हती.

मी साताऱ्याला जाऊन साहेबाला भेटलो. म्हटलं, साहेब, गावात खुर्ची खपत नाही. तालुक्याच्या शाळांना बाकं लागतात, कचेऱ्यांना टेबलं लागतात, ती आम्हाला करायला द्या की. साहेब म्हणाला, ती खरेदी दुसऱ्या खात्याची, तिथं ठेकेदार ठरलेले आहेत. मग म्हटलं, साताऱ्यात एखाद्या वखारीत चिकटवून द्या. तर म्हणाला, आमचं काम शिकवून हत्यारं देण्यापर्यंत. पुढं तुमची हिंमत. शिवाय तुमच्यासारख्यांनी आपल्या गावात राहून प्रतिष्ठेनं जगावं हाच तर योजनेचा हेतू आहे. प्रतिष्ठा हा शब्द त्यानं दोनदा वापरला. मी परत येताना रागानं इतका भरलो होतो की मोटारीत शेजारच्याशी उगाच भांडलो.

शेवटी मला वाट दाखवली ती गावच्या सुतारानंच. म्हातारा तसा देवमाणूस वगैरे नव्हता. चिकट होता, तोंडाचा फटकळ होता, आणि माझी पेटी गावात आल्यापासून मला पाण्यात बघत होता. पण त्याच्या हाताला कंप सुटला होता, मुलगा मुंबईला गिरणीत गेलेला, आणि पेरणीच्या तोंडाशी त्याच्या दारात मोडक्या औतांचा ढीग लागलेला. एक दिवस तो येऊन सोप्याच्या पायरीवर बसला. बराच वेळ त्यानं पेटीतली करवत उलटीसुलटी करून बघितली आणि मग म्हणाला, "धाकलं धनी, ही असली मेणावानी लाकडं कापायची हत्यारं. बाभळीला टिकतील का बघू. येतासा का माज्या छपरात?"

मी गेलो. त्याच्याकडं ना बाक होता ना शिकंजा. आमच्याकडचा सुतार जमिनीवर बसून दोन्ही पायांच्या तळव्यांत लाकूड धरतो आणि वाकसानं तासतो. मला धरायला एकच तळवा. पहिले काही दिवस बाभळीचा ओंडका उसळून माझ्या अंगावर यायचा आणि म्हातारा हसायचा. मग आम्ही जमिनीत एक ठोकळा पुरला, त्याला खाच पाडली, त्या खाचेत एक टोक अडकवायचं आणि दुसरं माझ्या उजव्या पायात धरायचं. जमलं. सरकारी रंध्याला तिथं काडीची किंमत नव्हती, पण पटाश्या उत्तम चालल्या. पावसाळाभर मी काम केलं. नांगरांना रुमणी बसवली, जू तासली, कुळवाची दांडी बदलली. आवडती कामं म्हातारा स्वतःकडं ठेवायचा आणि गाठाळ लाकडं माझ्याकडं सरकवायचा, यावरून आमची रोज कुरबूर व्हायची. तेवढं सोडलं तर त्या छपरात मी सुखात होतो. तळहाताला घट्टे पडले. संध्याकाळी अंग दुखायचं ते कामानं दुखायचं.

भावाला हे पसंत नव्हतं, पण तो तोंडावर काही बोलला नाही. धाकटा वेळ घालवायला सुताराकडं जाऊन बसतो, असं तो लोकांना सांगायचा. मीही त्याला दुरुस्त केलं नाही.

सुगी आली. ज्वारीची मळणी सुरू झाली. म्हाताऱ्यानं कबूल केलं होतं की मिळेल त्या बलुत्यात माझा तिसरा हिस्सा. तो म्हणाला, धनी, मी सगळं माझ्या घरी नेतो आणि अंधार पडला की तुमचा वाटा पोतं भरून घरामागं परड्यात आणून टाकतो, बोलाचाली नको. मी ऐकलं नाही. मला ते चोरून नकोच होतं. मी पावसाळाभर राबलो ते चोरून राबलो होतो का? आणि मला ही बातमी सांगलीकडं जायला हवी होती. जावई मिळवायला लागला, हे सासऱ्यांच्या कानावर चारचौघांच्या तोंडून जायला हवं होतं. म्हणून मी ठरवलं की वाटा खळ्यावर उघडपणे घ्यायचा, आणि पहिला घ्यायचा तो आमच्याच खळ्यावर. कुणाला म्हणायला नको की घरच्यांपासून लपवलं.

त्या दिवशी सकाळी रास उपणून झाली होती. भावानं राशीची पूजा केली, नारळ फोडला. बलुतेदार रांगेनं बसले होते, आपापलं फडकं समोर पसरून. मी जाऊन म्हाताऱ्याच्या शेजारी बसलो. लाकडी पाय पुढं लांब झाला, दुसरा मुडपला, आणि मी माझं धुवट धोतर समोर पसरलं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. भाऊ सूप भरून एकेकाला घालत येत होता. आमच्यापाशी आला आणि थांबला. म्हातारा खालच्या मानेनं म्हणाला, "मालक, दोन सुपं मला, एक धाकल्या धन्यांस्नी. औतं आमी दोघांनी केल्याती." भावाच्या हातात भरलेलं सूप होतं. ते कललं आणि ज्वारीचे दाणे कडेनं गळायला लागले. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. ते सूप त्यानं म्हाताऱ्याच्या फडक्यात ओतलं, मग दुसरं ओतलं, मग तिसरंही तिथंच ओतलं, आणि पुढच्या माणसाकडं गेला. माझं धोतर तसंच पसरलेलं राहिलं.

घरी आल्यावर तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो रडला. देणाऱ्यांच्या घरातला तू मागणाऱ्यांच्या रांगेत बसलास, म्हणाला. मी म्हटलं, मागितलं नाही, कामाचं घेत होतो. तो म्हणाला, "ते तू साताऱ्याला जाऊन सांग. इथं माझी पोरगी लग्नाला आलीया. आता तिला कोण करील, ते मला सांग."

त्याचं म्हणणं सरळ होतं. बलुतेदारही कामाचंच घेत होते, वर्षानुवर्षं, आणि त्यांना आम्ही मागणारे म्हणत आलो होतो. मीही म्हणत आलो होतो. त्यांच्या शेजारी जाऊन बसेपर्यंत मला त्यात काही खटकलं नव्हतं, आणि त्या रांगेतल्या कुणालाही मी तिथं बसल्याचं कौतुक वाटलं नसणार.

बातमी मला हवी होती तशीच सांगलीकडं गेली. आगगाडीनं सासरे आले. या वेळी सुपारी नाही, काही नाही. भावाशी सोप्यात बसून बोलले आणि मग मला बोलावलं. मी म्हटलं, मामंजी, तुम्ही मिळवायला सांगितलंत, मी मिळवायला लागलो. ते चिडले नाहीत. चिडलेला माणूस निदान आपलं बोलणं ऐकतो तरी.

"बसून खावा," ते म्हणाले. "भावाचं खावा, जड झालं तर माजं खावा. म्या काय बोलनार न्हाई. पर माजी लेक बलुतं घेणाऱ्याच्या घरात नांदायची न्हाई. ती पेटी घराभाईर गेली की दुसऱ्या दिशी लेक आणून घालतो."

आधी म्हणाले होते, भावाच्या ताटात जेवणाऱ्याच्या घरी लेक धाडणार नाही. आता म्हणत होते, भावाच्या ताटात जेव म्हणजे लेक धाडतो. आपलंच बोलणं आपल्याशी जुळत नाही हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही, आणि माझ्या भावाच्याही नाही. दोघंही मोठ्या मनाची माणसं असल्यासारखे माझ्याकडं बघत होते. मी तेव्हा तिशीच्या आतला होतो. मला बायको हवी होती, पोरंबाळं हवी होती. त्या छपरातल्या बाभळीच्या ढलप्यांशी मी म्हातारपण काढू शकलो नसतो.

पेटी मी स्वतः उचलून सुताराच्या छपरात नेऊन ठेवली. काही मागितलं नाही. म्हाताऱ्यानंही नको नको केलं नाही. त्याला पटाश्या हव्याच होत्या. माझ्या वाट्याची ज्वारी घेऊन जा म्हणाला. मी म्हटलं, ती ठेवा तुम्हालाच. घरी बसून खायचं ठरलंय.

बायको आली. सासरे शब्दाला पक्के होते. ती आल्यावर काही दिवसांनी, जात्यावर दळण ओतताना, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "तुमी खळ्यावर बसलासा ते आईनं सांगितलं. घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मला न्हाई लाज वाटली. मला बरं वाटलं." मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मला कुणी इचारलं?" आणि जातं ओढायला लागली. मीही तिला विचारलं नव्हतं. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. संसार झाला, चांगला झाला, पण त्याची किंमत काय पडली हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पुढल्या वर्षी साहेब गावात आला. शिकून गेलेल्यांचं कसं चाललंय ते बघायला तो जिल्हाभर हिंडत होता. धुरळा उडवत मोटार दाराशी थांबली, बरोबर कारकून होता. मी सोप्यात घोंगडीवर बसलो होतो. दुपारची वेळ, काही काम नव्हतं. काम नसायचंच. भावानं लगबगीनं माझ्या दोन खुर्च्या झटकून पुढं ठेवल्या, एकीवर साहेब बसला, एकीवर कारकून. बायको दाराआड उभी होती.

साहेबानं आधी प्रेमानं चौकशी केली. मग विचारलं, काम कसं चाललंय? मी म्हटलं, बंद आहे. का बंद? भाऊ आढ्याकडं बघत होता. खरं सांगायचं तर खळं सांगावं लागलं असतं, सासरे सांगावे लागले असते, भावाच्या हातातलं सूप सांगावं लागलं असतं. भावाच्या पोरीचं लग्न नुकतंच ठरलं होतं आणि दाराआड माझी बायको होती. परक्या कोट-टोपीवाल्यापुढं मी त्यांची अब्रू काढणार होतो का?

"हत्यारं कुठं आहेत?" साहेबानं विचारलं.

"विकून खाल्ली, साहेब."

त्याला ते लगेच पटलं. जणू हेच ऐकायला तो एवढा धुरळा खात आला होता. तो कारकुनाकडं वळून म्हणाला की बघा, आपण किती केलं तरी या लोकांना कष्टाची गोडी नाही. नुसती मदत करून माणूस सुधारत नसतो. कारकुनानं मान डोलावली. मग साहेब उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी कळवळून म्हणाला, "अरे, एक पाय गेला म्हणून काय झालं? हात तर धडधाकट आहेत ना तुझे?"

मी हात बघितले. धडधाकटच होते. तळव्यावरचे घट्टेसुद्धा निघून गेले होते.